सही कुणाची?

सभागृहात त्यांना नावाने हाक मारणारे फक्त अध्यक्ष. बाकी सगळे, म्हणजे त्यांच्या पक्षाचे, समोरच्या पक्षाचे, दारावरचे शिपाई आणि कॅन्टीनचा चहावाला, त्यांना 'पाननंबर' म्हणत. कारण गृहस्थ बोलायला उठले की पहिलं वाक्य ठरलेलं असे: "अध्यक्ष महोदय, पान नंबर एकशे बारा, खालून तिसरी ओळ." की समोरच्या बाकांवर हशा पिकलाच. कुणी मोठ्याने जांभई देई, एखादा मंत्री मागे वळून सचिवाकडे चिठ्ठी सरकवी. पाननंबर हशा संपेपर्यंत थांबत आणि पुन्हा तेच पान, तीच ओळ सांगत. लाज वगैरे वाटायची नाही त्यांना.

आता विरोधी बाकांवर बसलेल्या माणसाच्या हातात असतं तरी काय? खजिन्याची किल्ली नाही, बदल्यांचा अधिकार नाही, पुढेमागे धावणारी माणसं नाहीत. असतो तो प्रश्न विचारण्याचा हक्क, आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षकांकडून येणारं एक जाडजूड पुस्तक. सरकारने मंजूर पैसा कुठे आणि कसा खर्च केला, ते त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक सदस्य ते पुस्तक घरी नेतात आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवतात. पाननंबर ते वाचत. तेही बसून नव्हे. बूड टेकवून बसणं या माणसाला ठाऊकच नव्हतं. हातात पुस्तक, कानावर पेन्सिल, आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या.

राजकारणात येण्याआधी ते लिफ्ट दुरुस्त करत. एकोणीस वर्षं. ती विद्या अंगातून गेली नव्हती. विधिमंडळाच्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बारीकशी 'टक' करायची. इतरांना ते ऐकूही येत नसे, यांचा मात्र जीव कासावीस होई. पेटी ज्या रुळांवरून सरकते त्यांचा एक बोल्ट सैल आहे, असं त्यांनी तीन वेळा लेखी कळवलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: 'सदर बाब तपासण्यात येत आहे.'

बारा वर्षांपूर्वी त्यांची बायको बसच्या पायरीवरून घसरून पडली. मांडीच्या हाडाला तडा गेला. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रियेची खोली चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जागी एक प्लायवूडची फळी ठोकलेली. फळीवर खडूने लिहिलेलं, 'काम चालू आहे.' खडूवरही धूळ बसलेली. मग पाननंबर, त्यांचा मेहुणा आणि दोन वॉर्डबॉय अशा चौघांनी स्ट्रेचर उचललं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मेहुण्याचा पाय अडखळला, स्ट्रेचर कललं आणि ती भिंतीवर आपटली. तडा गेलेलं हाड सरकलं. डॉक्टरांनी होईल तेवढं केलं, पण डावा पाय आखूड झाला तो झालाच. तेव्हापासून ती डाव्या पायात जाड सोलचा बूट घालते. घरी शिवणकाम करते. पायाने मशीन चालवणं जमेना म्हणून नवऱ्याने तिला मोटर बसवून दिली.

बायको घरी आल्यावर ते दवाखान्यात गेले आणि विचारलं, लिफ्ट कुठे आहे? तिथल्या कारकुनाने थंडपणे सांगितलं, "कागदावर आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला आलाय. पैसेही दिले गेलेत."

"दाखल्यावर सही कुणाची?"

"फाइल सापडत नाही."

पाननंबर दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. एकोणतीस दिवस बसले. आयुष्यात एवढे दिवस एका जागी ते ना आधी बसले ना नंतर. नोकरी गेली. पण गावातल्या भिंती रंगल्या, 'सही कुणाची?' एवढेच दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांवर हा लिफ्टवाला विरोधी पक्षाच्या तिकिटावर निवडून आला. पुढची नऊ वर्षं त्याने सभागृहात तोच प्रश्न शक्य त्या सगळ्या प्रकारांनी विचारला. लेखी विचारला, तोंडी विचारला, अर्ध्या तासाच्या चर्चेत विचारला. उत्तर ठरलेलं: माहिती संकलित करण्यात येत आहे.

शेवटी त्यांच्या पक्षाने त्यांना लोकलेखा समितीचं प्रमुख केलं. ही एक खुर्ची रिवाजाने विरोधकांना मिळते. लेखापरीक्षकांनी जिथे बोट ठेवलं, तिथल्या खात्याच्या सचिवाला बोलावून, शपथ देऊन, बंद खोलीत प्रश्न विचारायचे, असं या समितीचं काम. पाननंबर प्रत्येक साक्षीच्या शेवटी एक प्रश्न न चुकता विचारत: "यामुळे कुणाचं काय नुकसान झालं, हे तुम्हाला माहीत आहे का?" अधिकारी घाम पुसत म्हणत, "माहिती घेऊन कळवतो." ते काही कधी कळवत नसत.

आणि आता सभागृहाची मुदत संपायला पाच दिवस उरले होते. लेखापरीक्षकांच्या नव्या पुस्तकात लिफ्टचा परिच्छेद आला होता. एकच लिफ्ट नव्हे, चौदा दवाखान्यांतल्या चौदा लिफ्ट. पैसे पूर्ण दिलेले, दाखले जोडलेले, आणि जागेवर चौदा फळ्या. गुरुवारी साक्ष आणि अहवाल मंजूर, शुक्रवारी अहवाल सभागृहापुढे, असं गणित होतं. शुक्रवार हुकला तर सभागृहाबरोबर अहवालही बुडणार, आणि चौदा ठिकाणी माणसं जिन्यावरून माणसं वाहत राहणार.

सोमवारी दुपारी समितीच्या कक्ष अधिकारी बाई कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. वीस वर्षं त्या या समितीचे कागद सांभाळत होत्या.

"जोडपत्रं आली, साहेब. या वेळी फाइल सापडली म्हणे खात्याला."

"सापडली?" पाननंबर जवळजवळ ओरडलेच. "दाखले आहेत त्यात?"

"दोनशे चौदाव्या पानापासून." बाई थोडं थांबून म्हणाल्या, "मी फक्त पानं मोजलीत, साहेब. बाकी काही बघितलं नाही."

दोनशे चौदाव्या पानात बाईंनी खुणेसाठी एक चिठ्ठी घातली होती. पाननंबरांनी पान उघडलं. काम पूर्ण झाल्याचा दाखला. दवाखान्याचं नाव, तारीख, 'लिफ्ट बसवून चालवून पाहिली, समाधानकारक आहे', आणि खाली सही. पहिल्या अक्षराचं शेपूट पार शेवटपर्यंत ओढत नेलेली सही.

त्यांनी पुढचं पान उलटलं. तीच सही. त्याच्या पुढच्या पानावर तीच. चौदाही दाखल्यांवर एकच सही, आणि ती सही बाई रोज हजेरीपत्रकावर बघत होत्या.

पाननंबरांनी चौदाही पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली. मग हळूहळू सगळं आठवलं. चौदा वर्षांपूर्वीचा, आर्थिक वर्षाचा शेवटचा आठवडा. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये फोरमनने चाळीस छापील फॉर्म पुढ्यात टाकले होते. सगळे कोरे.

"सही ठोक. कॉलनीच्या लिफ्टचे आहेत. वर्ष संपायच्या आत दाखला नाही गेला तर मंजूर पैसा परत जातो. नावं-गावं मी भरतो मागाहून."

"काम झालंय ना?"

"होतंय रे. तू सही कर, तुझा चहा माझ्याकडून."

असंच चालायचं तेव्हा, सगळेच करायचे. यांनी चाळीस सह्या केल्या आणि चहा प्याले. कॉलनीच्या नावाखाली त्यांवर दवाखाने भरले गेले, हे यांच्या कधी कानावरही आलं नाही. पहिल्या दहा नीट, मग हात भरून आला आणि शेपटं वेडीवाकडी गेली. दोन वर्षांनी त्यातल्याच एका कागदापायी त्यांची बायको जिन्यावर आपटली, आणि हे महाराज पायऱ्यांवर बसून जगाला विचारत होते, सही कुणाची!

मंगळवार त्यांनी चालून घालवला. विधिमंडळाच्या मागच्या बागेला किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. माळ्याने दोनदा विचारलं, काही हरवलंय का साहेब? घरी आले तरी जेवताना उठायचे, खिडकी लावायचे, पुन्हा उघडायचे. शरम वाटत होती, आणि शरमेपेक्षा जास्त भीती. वर्तमानपत्रांची भीती कमी. शिलाई मशीनशी बसलेल्या त्या बाईची जास्त. ती मान खाली घालून दोरा ओवत होती आणि यांना तिच्या डाव्या बुटाकडे बघवत नव्हतं.

बुधवारी मामांनी त्यांना कॅन्टीनच्या कोपऱ्यात गाठलं. मामा म्हणजे समितीतले सत्ताधारी पक्षाचे सगळ्यात जुने सदस्य. साऱ्या सभागृहाला ते भाचा म्हणत, आणि आजवर किती भाच्यांना त्यांनी मामा बनवलं याची मोजदाद नाही.

"भाच्या," मामा खुर्ची ओढत म्हणाले, "नऊ वर्षं सभागृह डोक्यावर घेतलंस. सापडली बघ सही. मोठी ऐटबाज सही आहे हो तुझी!"

पाननंबरांनी समोरचा कप बाजूला सरकवला.

"घाबरू नकोस. घरचीच गोष्ट आहे. त्या परिच्छेदापुढे तीन शब्द लिहायचे, 'अधिक माहिती अपेक्षित'. झालं! तुझंही झाकलेलं राहील, आमचंही."

"आणि नाही लिहिले तर?"

"तर हिशोब कर ना. समितीत आपण पंधरा. बैठक चालायला पाच लागतात. आमचा एकही माणूस उद्या येणार नाही. तुमचे चार आणि ती अपक्ष हेडबाई, झाले पाच. बरोबर? आता तुझी स्वतःची सही आहे म्हटल्यावर नियमाने तुला उठावं लागेल. उठलास की राहिले चार, बैठक रद्द, अहवाल बुडाला. आणि तोंड मिटून खुर्चीत बसून राहिलास, तर परवा सकाळी हे कागद वर्तमानपत्रात." मामांनी चहात बिस्किट बुडवलं. "मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. निवडणूक तोंडावर आहे."

"मामा, चौदा दवाखाने आहेत. आजही जिन्यावरून नेतात माणसांना."

"नेतात ना? म्हणजे चाललंय की." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि घरी काय सांगणार आहेस, त्याचा विचार केलास का?"

पाननंबर उठले. लिफ्टने वर गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये 'टक' झालं आणि त्यांना वाटलं, हा बोल्ट आपल्याच छातीत सैल झालाय. वर जाऊन त्यांनी कक्ष अधिकारी बाईंकडून नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालत तो नियम सात वेळा वाचला. 'ज्या सदस्याचा संबंध आहे त्याने तसे सांगावे. तो समितीप्रमुख असल्यास त्याने खुर्ची सोडावी. त्याने मतदान करू नये.' खुर्ची सोडावी, एवढंच लिहिलं होतं. खोली सोडावी असं कुठेच नव्हतं.

वाट सापडली होती. पण त्या वाटेने जायचं तर आधी घरी बोलावं लागणार होतं. बुधवारी त्यांना ते जमलं नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी बूट घातले, काढले, पुन्हा घातले.

"अहो," मशीन न थांबवता बायको म्हणाली, "तीन दिवस घरात नुसते फिरताय. एक तर बसा, नाहीतर जा तरी. मला गरगरायला लागलंय."

"दाखला सापडला."

मशीन थांबलं. तिने चष्मा वर केला. बारा वर्षं तिनेही या दिवसाची वाट बघितली होती. "खरं सांगता? मग? सही कुणाची?"

"माझी."

तिला आधी ती चेष्टा वाटली. हसायला म्हणून तिचं तोंड उघडलं आणि नवऱ्याकडे बघून तसंच राहिलं. मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोरमन, चाळीस फॉर्म, चहा, मामा, कॅन्टीन, काही गाळलं नाही. सांगताना ते खिडकीशी जात होते आणि परत येत होते. तिने अडवलं नाही.

"वाचलं नाहीत सही करण्याआधी?"

"कोरे होते गं. वाचायला काही नव्हतंच."

"कोरे होते," ती म्हणाली. तिने मशीनखालचं कापड सरळ केलं, पुन्हा वाकडं केलं, पुन्हा सरळ केलं. "मी कापडाला कात्री लावायच्या आधी दोनदा मोजते. चुकलं तर मीटरभर कापड जाणार असतं, तेवढंच."

तिने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, असं त्यांना फार वाटलं. तिचे डोळे भरले होते, पण ती ओरडली नाही.

"आज विचारतील तुम्हाला?" तिने विचारलं.

"मी सांगितलं तर विचारतील."

"मग एक करा. ते तुमचे अधिकारी म्हणतात ना, 'माहिती घेऊन कळवतो', तसं म्हणू नका." आणि तिने मशीन सुरू केलं. पाननंबर दारात थोडा वेळ उभे राहिले, पण तिने मान वर केली नाही.

समितीची खोली म्हणजे एक लांब टेबल, पंधरा खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात कुरकुरणारा पंखा. अकराच्या ठोक्याला पाच सदस्य हजर होते. खात्याचे सचिव फाइल छातीशी धरून बसले होते. लघुलेखकाने पेन्सिलींना टोक काढून ठेवलं होतं. आणि मामा आले होते! पण आत नव्हे. ते बरोबर उंबऱ्यावर उभे होते, एक पाऊल बाहेर, एक उंबऱ्यावर. आत आले असते तर तेही हजर धरले गेले असते आणि बैठकीला एक माणूस वाढला असता. एवढं कच्चं काम मामा करत नसत.

पाननंबर उभे राहिले. हातातला कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"कामकाज सुरू करण्याआधी मला सांगायचं आहे. पान नंबर दोनशे चौदा ते दोनशे सत्तावीस. चौदाही दाखल्यांवरची सही माझी आहे. मी तेव्हा लिफ्ट कंपनीत मेकॅनिक होतो. नियमाप्रमाणे मी ही खुर्ची सोडतो. खोली सोडत नाही. मतदान करणार नाही."

सचिवांच्या हातातली फाइल खाली घसरली. बाकीच्या तिघा विरोधी सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतला एक तर चक्क "अहो, काय हे!" असं म्हणाला. मग त्यांनीच हेडबाईंना खुर्चीत बसवलं. हेडबाई बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीनंतर कुठल्याही पक्षाशिवाय निवडून आल्या होत्या. एरवी समितीत त्यांना डुलकी लागायची. आज त्या टक्क जाग्या होत्या.

"हरकत!" उंबऱ्यावरून मामा गरजले. "ज्याचा संबंध आहे तो हजर धरता येत नाही. चारच सदस्य आहेत. बैठक रद्द करा."

हेडबाईंनी चष्म्यावरून पाननंबरांकडे बघितलं. "वर्गात आहेत ना? मग हजर." मग त्या दाराकडे वळल्या. "तुम्ही आत या, नाहीतर बाहेर जा. दारात उभं राहायचं नाही."

बत्तीस वर्षांची सवय होती त्या आवाजाला. मामांसारखा मुरलेला गडी, पण पाय आपोआप मागे गेला. कक्ष अधिकारी बाईंनी पुढे होऊन दार लावलं.

सचिवांची साक्ष दहा मिनिटांत आटोपली. त्यांचं सगळं म्हणणं एकाच वाक्यात होतं: खात्याकडे दाखला होता, म्हणून खात्याने पैसे दिले. लिफ्ट बघायला कुणी गेलं होतं का, यावर ते म्हणाले, "माहिती घेऊन कळवतो." मग हेडबाईंनी पाननंबरांना साक्षीदाराच्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि शपथ दिली. समितीत ज्या खुर्चीकडे ते आजवर बोट रोखत आले होते, ती बसायला एवढी अरुंद असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. हेडबाईंनी समोरचा कागद उचलला. प्रश्नांची यादी पाननंबरांच्याच अक्षरातली होती, गेल्या आठवड्यात ज्या कुणाची सही निघेल त्याच्यासाठी मोठ्या त्वेषाने लिहिलेली.

"सही कुणाची?"

"माझी."

"सही करताना फॉर्म भरलेला होता?"

"कोरा होता."

"लिफ्ट बघितली होती?"

"नाही. त्या इमारतीत मी तोवर पाऊलही टाकलं नव्हतं."

"सही करायला कुणी जबरदस्ती केली?"

पाननंबरांना फोरमन आठवला. आणि तो चहा. "नाही. नाही म्हटलं असतं तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या, एवढंच."

हेडबाई यादीच्या शेवटच्या ओळीशी थांबल्या. ती वाचावी की नको असं त्यांना झालेलं दिसत होतं. मग त्यांनी वाचली.

"यामुळे कुणाचं काय नुकसान झालं, हे तुम्हाला माहीत आहे का?"

पंखा कुरकुरत होता. पाननंबरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"माहीत आहे. माझ्या बायकोचा डावा पाय. एक इंच."

लघुलेखकाची पेन्सिल थांबली. त्याने खुर्चीकडे पाहिलं.

"लिहा," हेडबाई म्हणाल्या.

चार विरुद्ध शून्य मतांनी अहवाल मंजूर झाला. चौदा लिफ्ट सहा महिन्यांच्या आत बसवाव्यात, न बघता पैसे देणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि न बघता दाखला देणाऱ्याची चौकशी व्हावी. ती शेवटची ओळ मसुद्यात आधीपासून होती. पाननंबरांनीच लिहिली होती आणि आज ती गाळा असं त्यांनी सुचवलं नाही.

शुक्रवारी हेडबाईंनी अहवाल सभागृहापुढे ठेवला. समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "सही कुणाची?" आणि छत उडेल असा हशा झाला. पाननंबर नेहमीसारखे हशा संपेपर्यंत थांबले आणि उठून म्हणाले, "माझी. पान नंबर एकेचाळीस, वरून सहावी ओळ. पण त्याच्या पुढचं पानही वाचा. चौदा लिफ्ट सहा महिन्यांत लावायच्या आहेत तुम्हाला." दुपारी त्यांच्या पक्षाच्या नेत्यांनी त्यांना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला आणि या खेपेला जरा विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. तिकीट गेलं होतं. वाईट वाटलं, नाही असं नाही. लिफ्टच्या दाराशी ते थांबले, आणि मग 'टक' ऐकायची ताकद नव्हती म्हणून जिन्याने उतरले.

घरी उन्हं अजून अंगणात होती. बायको काजं करत बसली होती. आदल्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलत होती. त्यांनी अहवाल तिच्यापुढे ठेवला.

"कितव्या पानावर आहे मी?"

"एकेचाळीस."

तिने पान काढलं. कापडावरून फिरवावं तसं ओळींवरून बोट फिरवत ती वाचत गेली. सहाव्या ओळीवर बोट थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"एक इंच," ती म्हणाली. "हे कुणी सांगितलं?"

"मी."

"शपथेवर?"

"शपथेवर."

"कधी मोजलंत?"

पाननंबरांनी तिच्या बुटाकडे पाहिलं. बारा वर्षं प्रत्येक सभेत, प्रत्येक भाषणात त्यांनी तो एक इंच सांगितला होता. लोक हळहळले होते, मतं दिली होती.

"पाऊण आहे," ती म्हणाली. "दर वर्षी सोल बदलताना बूटवाल्याला मीच माप देते, पाऊण इंच. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही." तिचा आवाज आता कुठे फाटला. "न बघता लिहून द्यायची खोड अजून गेली नाही तुमची."

तिने गळ्यातली टेप काढून त्यांच्या अंगावर टाकली आणि डावा पाय पुढे केला.

"घ्या. मोजा. मग काढा तुमचं शुद्धिपत्रक."

पाननंबर जमिनीवर बसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ते नीट मांडी घालून बसले होते. त्यांनी तिचा बूट काढून बाजूला ठेवला, टेपचं टोक टाचेला लावलं आणि वर नेलं. टेप घसरली. त्यांनी टोक पुन्हा टाचेला लावलं आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.